पुठ्ठ्यामागचा नंबर

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी आईच्या डोळ्यांत थेंब घालत होते. "अक्का, एक काम होतं," तो म्हणाला. माझ्या भावाला कामाशिवाय माझी आठवण येत नाही, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. "आजोबांच्या रेडिओवर मागं कुठंतरी सिरियल नंबर असेल बघ. त्यावरून साल काढता येतं म्हणे. तेवढं काढून दे. तू आता रिटायर आहेस, मोकळीच असतेस."

मोकळीच! आबिड्सच्या पोस्टात अख्खा जन्म शिक्के मारण्यात गेला, आता घरात ऐंशीला टेकलेली आई, तिचे थेंब, तिच्या गोळ्या, तिचं पथ्य, आणि हा गडी म्हणतो मोकळीच. पण भांडले नाही. साल कशाला पाहिजे म्हणून विचारलं. तर त्याचा कोंडापूरच्या बाजूला नवीन फ्लॅट झाला होता, आणि गृहप्रवेशाच्या दिवशी हा रेडिओ त्याला हॉलमध्ये मांडायचा होता, वर पितळी पाटी ठोकून. पाटीवर कोरायचं होतं की हा रेडिओ आमच्या आजोबांना अमुक साली एका नवाबाच्या देवडीतून, म्हणजे हवेलीतून, भेट मिळाला. बाकी सगळं तयार होतं, फक्त ते 'अमुक' सापडत नव्हतं. ते मी शोधून द्यायचं होतं.

फोन स्पीकरवर होता. आई डोळे मिटून पडली होती, गालावरून औषध ओघळत होतं. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "कुणाचा रेडिओ म्हणाला?"

"आजोबांचा."

"अस्सं," ती म्हणाली, आणि पदरानं गाल पुसला.

आता आमच्या घरातली भानगड सांगायला पाहिजे. या एका रेडिओच्या आमच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक मोठ्यानं सांगायची, पाव्हण्यांसमोर. ती माझ्या मोठ्या काकांची. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आजोबा देवडीवर दारोगा होते. नवाबाचे दिवस फिरले, तो शहर सोडून निघाला, तेव्हा त्यानं आजोबांना हाक मारून हा विलायती रेडिओ त्यांच्या स्वाधीन केला, आणि म्हणाला, तेरे जैसा इमानदार आदमी नहीं देखा. हे सांगताना काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरं तर आजोबा तिथं कोळशाची पोती वाहायचे आणि घोड्यांची लीद काढायचे. हे सुद्धा काकाच एकदा रागाच्या भरात बोलून गेले होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लोकांना दारोगाच लक्षात राहिला.

दुसरी गोष्ट आईची, आणि ती हळू सांगायची. ती एवढीच की, "रेडिओ मी जोडला."

आई लग्नाआधीपासून सनतनगरच्या बाजूच्या एका रेडिओच्या कारखान्यात होती. मराठवाड्यातनं तिचा बाप खडी फोडायला म्हणून इकडं आला, तिथंच रस्त्याच्या कडेला झोपडी घातली, आणि पोरीला शाळेत घातलं. आठवी झाल्यावर ती कारखान्यात लागली. लांबलचक टेबलांवर ओळीनं पोरी बसायच्या, तेलुगू, मराठी, दखनी बोलणाऱ्या, सगळ्या भाषांची खिचडी. एकीनं एकच काम करायचं. कुणी तारा कापायच्या, कुणी डाग द्यायच्या, कुणी व्हॉल्व बसवायच्या. सेट पुढं सरकत जायचा आणि शेवटच्या टेबलावर बोलायला लागायचा. आईचं काम डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं. कथलाचा धूर नाकात जाऊन जाऊन तिला म्हणे कित्येक वर्षं दुसरा वास येत नव्हता.

त्या पोरींची एक रीत होती. कुणी कायमचं काम सोडून निघाली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला दिवस गेले, तर जाण्याआधी तिला पूर्ण सेट एकटीनं जोडायला मिळायचा. पहिल्या टेबलापासून शेवटच्यापर्यंत तीच सरकत जायची आणि ज्या त्या टेबलावरची पोरगी उठून तिला जागा द्यायची. सुटे भाग खोडीचे, तपासणीत बाजूला पडलेले, मैत्रिणींनी त्यातलेच बरे निवडून ठेवलेले. पेटीवर कुठं ओरखडा. साहेबांनाही ठाऊक असायचं, ते बघून न बघितल्यासारखं करायचे. तो सेट तिचा, घरी न्यायचा. आई सांगायची, "बाकी आयुष्यभर तुकडाच हाती असतो बाई. एक दिवस अख्खं करायला भेटायचं."

आईला माझ्या वेळचे दिवस गेले आणि सासरच्यांनी काम सोडायला लावलं. घरची सून कारखान्यात जाते म्हणून काकांची मान म्हणे खाली जायची. तेव्हा तिनं जोडलेला हा रेडिओ. म्हणजे तो आणि मी एकाच वर्षाचे. तो मात्र माझ्याआधी बोलायला लागला.

लहानपणी तो आमच्या गौलीगुड्याच्या खोलीत कपाटावर असायचा. खुंटी फिरवली की लगेच काही व्हायचं नाही. आधी काचेमागं पिवळा उजेड, मग कोपऱ्यातला हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, मग घूं असा आवाज, आणि मग कुठं माणूस बोलायला लागायचा. तेवढ्या वेळात आम्ही पोरं धुडगूस घालायचो, आणि आई हात वर करून म्हणायची, "थांबा, तापू द्या." घटकाभर चालला की पेटीचं डोकं गरम व्हायचं. थंडीत आम्ही त्यावर पंजे शेकायचो. कधी बिघडला तर आई त्याला दुकानात नेऊ द्यायची नाही. पुठ्ठा काढून, डोळे बारीक करून आत बघायची, आणि चुलीवर तापवलेल्या तांब्याच्या दांडीनं डाग देऊन मोकळी व्हायची. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. भावानंही बघितलंय. पण बघून काय उपयोग, गाढवाला गुळाची चव काय!

काकांची गोष्ट जन्माला आली ती त्यांच्या मुलीला बघायला पाव्हणे आले त्या दिवशी. पाव्हणे आमच्याच खोलीत बसणार होते, कारण रेडिओ आमच्याकडे. रेडिओच्या पुढच्या अंगाला कारखान्याच्या नावाची धातूची पट्टी होती. काकांनी सकाळी स्क्रू ड्रायव्हर घालून ती उचकटून काढली. लाकडाला दोन भोकं तेवढी राहिली. संध्याकाळी पाव्हण्यांसमोर देवडी, नवाब, इमानदार आदमी सगळं झालं. आई चहा घेऊन दारात उभी होती. बाबा पेपर वाचत होते. बाबांनी त्या दिवशी एक पान उलटलं नाही, पण डोकंही वर काढलं नाही. लग्न जमलं. मग ती गोष्ट मोडायची कुणी आणि कशी? दरवर्षी तिला नवीन फांदी फुटत गेली.

भाऊ ती गोष्ट ऐकतच मोठा झाला. कॉलेजात असताना त्याचे दोस्त घरी आले होते, त्यानं रेडिओ दाखवला, आजोबांचं पुराण लावलं. आई आतून येऊन हसत म्हणाली, "अरे, हा तर मी जोडलाय." पोरं तिच्याकडं बघायला लागली. भाऊ म्हणाला, "आई, आधी मिक्सरचा प्लग नीट लावून दाखव." सगळे खो खो हसले. आईसुद्धा हसली. मी तिथंच होते, मी त्याला नाही नाही ते बोलले, पण माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यानंतर आईनं पाव्हण्यांसमोर तोंड उघडलं नाही. मला मात्र कधीमधी म्हणायची, "त्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय बघ. चार माणसांत. माझ्या आईनं जोडला म्हणून. बाकी काही नको."

म्हणून मी फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात लाडू फुटत होते. याला साल पाहिजे ना? देते!

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओ खाली उतरवून पलंगाशेजारी ठेवला. आईला आता सावल्याच दिसतात, काचबिंदूनं बाकी सगळं नेलं. पण ती उठून बसली. "आधी प्लग काढ," म्हणाली. "काढला? आता जरा थांब. प्लग काढला तरी वीज आत दबा धरून बसलेली असते." मी थांबले. मग पुठ्ठ्याचे स्क्रू काढले. आत धुळीचा थर, कोळिष्टकं, एक मेलेलं झुरळ. मी फुंकर मारली तर दोघी शिंकलो. तळाच्या पत्र्यावर, डाव्या कोपऱ्यात, पितळेची बोटभर पट्टी रिबिट मारून बसवलेली होती. मी ओल्या फडक्यानं पुसली.

"वाच," आई म्हणाली.

मी वाचला. पहिल्यांदा दोन आकडे, सहा आणि चार. मग एक इंग्रजी अक्षर. मग लांबलचक धावता नंबर. मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढं...

"शून्य," आई म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. तिला पट्टी दिसणं शक्यच नव्हतं.

"रेघेपुढं ओळीचा नंबर मारायचे. शेवटचं तपासणीचं टेबल ज्या ओळीचं, त्या ओळीचा. एक ते सहा ओळी होत्या. आम्हा जाणाऱ्या पोरींचा सेट कुठल्याच ओळीच्या हिशेबात नसायचा, म्हणून आम्हाला शून्य." तिनं हात पुढं केला. मी तिचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. ती किती तरी वेळ त्या शून्यावर बोट फिरवत राहिली. "माझाच आहे," म्हणाली. जणू तिलाही इतक्या वर्षांत कुठंतरी शंका यायला लागली होती. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या खानदानाचा असा संताप आला की काय सांगू.

अक्षर महिन्याचं होतं. आई म्हणाली अमुक महिन्याला अमुक अक्षर. मी हिशेब केला, माझ्या जन्माच्या थोडं आधी. आणि आजोबा? आईनं सासऱ्याचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. बाबांना मिसरूड फुटायच्या आधीच ते गेले होते. त्यांच्या देवडीवरची अख्खी वस्ती तोवर उठून गेली होती. मेलेल्या माणसाला न जन्मलेला रेडिओ भेट देणारा नवाब आमच्याच घराण्याला भेटला!

पण माझा शब्द भाऊ मानणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून पट्टीचा फोटो काढून जुन्या रेडिओवाल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकला. तिथं हौशी लोक असतात, नंबर टाकला की साल सांगतात. दोघातिघांनी चौसष्टच म्हणून सांगितलं, देशी बनावटीचा, व्हॉल्व तेवढे बाहेरचे. एकानं लिहिलं की ते शून्य नसेल, आठ झिजला असेल. मी त्याला उत्तर दिलं नाही. पण मनात किडा घुसला. भाऊ नेमकं तेच धरून बसला असता. म्हणून सुलतान बाजारच्या एका बोळात, जिथं अजून रेडिओ दुरुस्त करणारे एक मियाँ बसतात, तिथं गेले. मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला.

"हौ अम्मा, ज़ीरोच है," म्हणाले. "काम छोड़ के जाते सो लड़कियाँ बना के ले जाते थे. मेरे बाप की दुकान में आए थे ऐसे एक-दो. बोलते थे, इन्हें खोलने का नक्को, लड़कियाँ अच्छा बनाते." मग त्यांनी विचारलं, "किसने बनाई?"

"मेरी माँ ने," मी म्हणाले. भर बाजारात, कापडवाल्यांच्या आरडाओरड्यात, मला रडू यायला लागलं. मियाँनी दुसरीकडं बघितलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.

घरी येऊन आईला सांगितलं. 'लड़कियाँ अच्छा बनाते' हे तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

रविवारी भाऊ रेडिओ न्यायला आला. पॉलिशला द्यायचा होता. मी त्याला आधी जेवायला वाढलं, भरल्या पोटी ऐकेल म्हणून, आणि मग सगळं सांगितलं. फोटो, ग्रुपवरची उत्तरं, मियाँ, शून्य. तो मोबाइल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता आईकडं बघेल. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "म्हणजे हा विलायती नाही?"

"नाही."

"अँटिक म्हणून काही किंमत नाही याला?"

"अरे, तुझ्या आईनं जोडलाय तो! एकटीनं! मी पोटात असताना!"

"ते ठीक आहे अक्का," तो म्हणाला, आणि बोटं चाटली. "पण लोकांना मी काय सांगू? आई फॅक्टरीत होती म्हणून?"

मी ताट उचलून फेकणार होते. ज्या समाजाला धम्मानं मान वर करून जगायला शिकवलं, त्या समाजातला हा शिकलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. धन्याच्या दारातून आजोबांना काही मिळालं ह्याची त्याला शान वाटते, आणि स्वतःच्या आईनं स्वतःच्या हातानं काही केलं त्याची लाज. नवाबाचं उष्टं गोड आणि आईच्या हातचं कडू! मी तोंड उघडणार तेवढ्यात आई पलंगावरून बोलली.

"घेऊन जा बाबा. न्यायचाय तर ने. फक्त एक कर. पाव्हण्यांत सांग, माझ्या आईनं जोडला. तुझ्या तोंडून तेवढं ऐकू दे. मग पाहिजे तर भंगारात घाल."

भाऊ उठला, हात धुतले, आईच्या शेजारी बसला. तिचा हात हातात घेतला. त्याला हे जमतं, लहानपणापासून जमतं. "सांगतो ना आई. त्यात काय एवढं? तूच चालू करून दाखव सगळ्यांना. तुझी खुर्ची मी रेडिओशेजारीच ठेवतो, बघ."

आई हसली. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तोंडानं बोलला तर सोनं, हातानं केलं तर माती, असं माझी आजी अशा माणसांबद्दल म्हणायची, आणि पुढं थुंकायची.

गृहप्रवेशापर्यंत आईचं वय दहा वर्षांनी उतरलं. पांढरी साडी मला दोनदा इस्त्री करायला लावली. पाव्हण्यांनी विचारलं तर काय सांगायचं त्याची ती पलंगावर पडल्या पडल्या तयारी करायची. "शून्य म्हणजे काय ते सांगू ना? का लई होईल?" मी म्हणायचे, सगळं सांग. "अन् टेबलांवरच्या पोरींचं?" तेही सांग. "तापायला वेळ लागतो हे आधीच सांगते, नाहीतर लोकांना वाटंल बिघडला." मी म्हणायचे, हौ, तेही सांग माय.

त्या दिवशी कॅब करून आम्ही गेलो. गौलीगुड्यातून कोंडापूर म्हणजे दुसऱ्या गावाला गेल्यासारखंच. अठराव्या मजल्यावर लिफ्टनं वर जाताना आईनं माझा दंड घट्ट धरला होता. वंदना झाली, पंचशील झालं, खीर वाटली. हॉल भरून माणसं. भावाच्या ऑफिसातले लोक, सोसायटीतले पुण्या-मुंबईकडचे शेजारी, आमचे चार नातेवाईक. आणि भिंतीलगत, वरून दिवा सोडलेला, आमचा रेडिओ.

खोटं कशाला बोलू, देखणा दिसत होता. चकचकीत पॉलिश, नवीन कापड, ओरखडा पार गेलेला. भावानं शब्द पाळला होता तेवढा, आईची खुर्ची अगदी शेजारी ठेवली होती. आईला बसवलं. तिनं लगेच पेटीवर हात ठेवला, कडेकडेनं फिरवला. "ओरखडा काढला वाटतं," म्हणाली. मग तिची बोटं पुढच्या अंगाला आली, काकांनी पाडलेल्या त्या दोन भोकांजवळ. तिथं आता पितळी पाटी होती, त्याच भोकांत स्क्रू पिळून बसवलेली. "काय लिहिलंय ग?" तिनं विचारलं.

इंग्रजीत कोरलं होतं. आजोबांचं नाव. खाली, देवडीकडून सप्रेम भेट. साल गाळलं होतं. मी एवढी वणवण करून शोधलेल्या सालाचा उपयोग त्यानं तेवढाच केला होता, की कुठलं साल लिहायचं नाही ते त्याला कळलं.

"सांगते, थांब," एवढंच आईला म्हणाले.

भावानं टाळ्या वाजवल्या. लोक गोळा झाले. "फ्रेंड्स," तो म्हणाला, "आमच्या फॅमिलीची ही एक खास गोष्ट." माझ्या भाच्यानं, म्हणजे त्याच्या मुलानं, मोबाइल हातात घेतला. आई खुर्चीत सरळ झाली. तिला वाटलं आता चालू करणार. तिनं हात वर केला, अगदी तसाच, आणि मोठ्यानं म्हणाली, "थांबा, तापू..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाणं सुरू झालं. धाडकन. भिंती हादरतील असं.

आईचा हात वरच राहिला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग तिनं तो हात हळूच खाली आणला आणि पेटीच्या डोक्यावर टेकवला. तिथंच ठेवला. गाणं संपत आलं तरी ठेवला. मी वाकले तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "गार आहे ग."

मी मागं जाऊन बघितलं. जुना पुठ्ठा नव्हता. नवीन प्लायवूड, त्यातून एक वायर, आणि एक निळा दिवा लुकलुकत होता. मी भाच्याला बाजूला ओढलं. "आतलं कुठं आहे?"

"कुठलं आत्या?"

"आतलं. व्हॉल्व, पत्रा, सगळं. नंबरची पट्टी."

"ते ना? सगळं जंक होतं. पॉलिशवाल्यानंच काढून कबाडवाल्याला देऊन टाकलं. आता ब्लूटूथ आहे आत्या, मस्त बास येतो." पोराच्या तोंडावर काहीही पाप नव्हतं. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि तो रेडिओ चालू होता हो! पॉलिशला गेला त्या दिवशी सकाळीसुद्धा आईनं बातम्या ऐकल्या होत्या.

तोवर भाऊ देवडीपर्यंत पोचला होता. आजोबांना त्यानं दारोग्याचा मॅनेजर केला होता. नवाब फाटकापर्यंत निरोप द्यायला आला, ही नवी फांदी. मी पुढं सरसावले. मी सगळ्यांसमोर बोलणार होते, त्याची शोभा करणार होते, पाटी उपटून हातात देणार होते. पण आईच्या खुर्चीजवळून जाताना तिनं माझं मनगट पकडलं. दिसत नसताना तिला कसं कळलं कोण जाणे. त्या बोटांत अजून केवढी ताकद होती! "गप बस," म्हणाली. "आता काय दाखवणार हाये तू त्यांना?"

आणि खरंच, काय दाखवणार होते? मोबाइलमधला फोटो?

भाऊ बोलायचा थांबला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यानं एकदा आमच्याकडं बघितलं, आणि लगेच कुणाला तरी खीर वाढायला गेला. माझी मात्र अजून आशा सुटत नव्हती. वाटत होतं, आता वळेल, आता म्हणेल. आईनंही चेहरा त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळवलेला होता. तो आवाज हळूहळू स्वयंपाकघराकडं गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

शेजारच्या फ्लॅटमधल्या एक बाई आल्या. पुण्याच्या असाव्यात, बोलायला गोड होत्या. आईसमोर गुडघ्यांवर बसल्या, तिचा हात हातात घेतला. "आजी, किती भाग्यवान हो तुम्ही. तुमच्या सासऱ्यांचाच ना हा रेडिओ?"

मी आईकडं बघत होते. एवढ्या दिवसांची तयारी. शून्य, टेबलं, पोरी, तापायला लागणारा वेळ. कुणीतरी एकदाचं तिला विचारलं होतं.

आईनं पेटीवरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"हो बाई, त्यांचाच," ती म्हणाली. "माझं काही राहिलं नाही त्यात."